बिनवासाचा गालिचा

मैनोद्दीनभाईंनी धुतलेला गालिचा घरी परत यायचा तेव्हा त्याला कसलाच वास नसायचा. साबणाचा नाही, अत्तराचा नाही, उन्हाचाही नाही. लातुरात सतरंज्या आणि गालिचे धुऊन देणारे आणखी चार-पाच जण होते. त्यांच्याकडून आलेला गालिचा दारातूनच ओळखू यायचा. फिनेल, डांबरगोळ्या आणि वरून कसलं तरी गुलाबी पाणी असा तो वास असे. लोक त्याला स्वच्छतेचा वास म्हणत. मैनोद्दीनभाईंचा गालिचा पसरला की घरातली माणसं एकमेकांकडे बघत. "धुतलाय का नुसता झटकलाय?" हा प्रश्न त्यांना प्रत्येक नव्या घरी विचारला जाई. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं.

"नाक लावून बघा. काय बी आलं तर पैशे नका देऊ."

स्वतः ते नाक लावल्याशिवाय गालिचा बाहेर काढत नसत. गालिचा वाळला की तो अंगणात पसरायचा, गुडघे टेकायचे आणि खाली वाकायचं. चार कोपरे, मध्य आणि जिथं डाग होता ती जागा, अशा सहा ठिकाणी नाक टेकवून दोन-दोन श्वास घ्यायचे. दोन श्वासांच्या मध्ये तोंड बाजूला वळवून बाहेरची हवा घ्यायची. या कामाला दहा मिनिटं लागत. त्यांच्या पत्नी, शहेदाभाभी, ओट्यावर तांदूळ निवडत हे बघायच्या. "नमाजला एवढा वेळ लावला असता ना, तर जन्नत पक्की होती," असं त्या मला म्हणाल्या होत्या. भाई वाकलेलेच म्हणाले, "गप बस. मिरचीचा हात धुऊन बस आधी. इथपर्यंत येऊन राहिलाय वास."

मिरची अंगणापासून वीस पावलांवर, स्वयंपाकघरात कुटलेली होती. त्या काळात त्यांचं नाक असं होतं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते भूकंपानंतर. मी लातूरच्या एका दैनिकाचा बातमीदार होतो. औसा तालुक्यातल्या एका गावात पत्र्याचे शेड उभे राहत होते. मंडपवाल्यांकडच्या जुन्या सतरंज्या गोळा करून, धुऊन, टेम्पोत घालून एक माणूस तिथं आणत होता. वय चाळिशीच्या आत. उंच, खांदे पुढे आलेले, बोटांची पेरं रिठ्याच्या पाण्यानं पांढरी पडलेली. त्यांच्या टेम्पोवर कुठल्याही संस्थेचा फलक नव्हता. मी नाव विचारलं तर म्हणाले, "लिहू नका. सतरंज्या मंडपवाल्यांच्या हायत. माझं फक्त धुणं हाय."

त्या गावात एक म्हातारा होता. त्याच्या घरातलं कुणी वाचलं नव्हतं. एक कुत्रा वाचला होता, पिवळसर, एका कानाचा. दोघं एकाच सतरंजीवर झोपत. रोगराई पसरू नये म्हणून बाहेरून आलेल्या एका पथकानं शेडमध्ये आणि अंथरुणांवर पांढरी पावडर मारली. त्यांच्या दृष्टीनं ते बरोबर होतं, शेजारच्या ढिगाऱ्याखाली अजून गुरं होती. कुत्रा त्या सतरंजीवर लोळला आणि मग सवयीप्रमाणे अंग चाटत बसला. तिसऱ्या दिवशी तो मेला. गुरांसाठी आलेल्या डॉक्टरांनी कारण सांगितलं. म्हाताऱ्यानं कुत्र्याला पुरलं, सतरंजी झटकली, घडी घातली आणि मैनोद्दीनभाईंचा टेम्पो आला तेव्हा ती त्यांच्या हातात दिली.

"तुमची सतरंजी," तो म्हणाला. "आता एकट्याला गोणपाट पुरंल."

मैनोद्दीनभाईंनी दुसरी सतरंजी देऊ केली. त्यानं घेतली नाही.

ती सतरंजी त्यांनी घरी आणून सात वेळा धुतली. प्रत्येक वेळी नाक लावून बघितलं. नाक लावायची पद्धत तिथून सुरू झाली. त्याआधी, त्यांच्याच सांगण्यानुसार, तेही बाकीच्यांसारखं फिनेल वापरत होते. त्यानंतर वापरलं नाही.

त्यांच्या कामाचं साहित्य एका फळीवर मावत होतं. रिठे, खायचा सोडा, पांढरा सिरका, मुलतानी माती, गव्हाचा कोंडा, मांजरपाटाच्या जाड सुती कापडाचे तुकडे आणि नारळाच्या काथ्याचे दोन ब्रश. मांजरानं किंवा कुत्र्यानं गालिच्यावर घाण केली की लोक आधी गरम पाणी ओतून घासत आणि मग त्यांना बोलावत. यावर ते चिडत. ओला डाग घासायचा नाही, मांजरपाट ठेवून दाबायचा, पाणी थंडच घ्यायचं, मग सिरका पाण्यात पातळ करून आधी कोपऱ्यावर लावून बघायचा. रंग सुटला तर तिथंच थांबायचं. सुटला नाही तर डागावर लावायचा, टिपायचा, सोडा भुरभुरायचा आणि वाळल्यावर तो कणन्‌कण झाडून काढायचा. "सोडा खायचा असला म्हणून मांजरानं पसाभर खावा का?" ते विचारत. रिठ्याचंही तेच. रिठा पोटात गेला तर जनावर ओकतं, म्हणून रिठ्यानंतर तीन पाणी. आणि गालिचा पुरता वाळेपर्यंत जनावर दुसऱ्या खोलीत.

त्यांचं सगळं तत्त्व एका वाक्यात होतं आणि ते वाक्य ते प्रत्येक घरी सांगत. "जनावर गालिच्यावर बसत न्हाई बाई, जनावर गालिचा खातंय. बसलं की अंगाला लागतंय, मग चाटून राहतंय. तुमी पाय धुता. ते पाय चाटतंय."

एकदा ते आमच्या कचेरीत आले. हातात आमच्याच पुरवणीचं कात्रण होतं. घरगुती उपायांच्या सदरात छापलं होतं की गालिचा नैसर्गिकरीत्या ताजा ठेवण्यासाठी त्यावर नीलगिरीच्या तेलाचे थेंब शिंपडावेत, पाळीव प्राण्यांच्या घरातही चालतं. एका गिऱ्हाइकानं ते वाचून त्यांना तसं करायला सांगितलं होतं.

"हे कुणी लिवलंय?"

सदर बघणारा उपसंपादक उठून उभा राहिला. म्हणाला, "नैसर्गिक आहे भाई. झाडाचं तेल आहे."

"धोतरा बी झाडालाच येतो," मैनोद्दीनभाई म्हणाले. "तुमच्याकडं मांजर हाय का?"

"नाही."

"मग कशाला लिहिता मांजराचं?"

उपसंपादकानं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. मांजराला ते तेल चालत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. खुलासा छापायचं ठरलं. त्या आठवड्यात जाहिराती जास्त होत्या, पुढच्या आठवड्यात तो राहून गेला. मैनोद्दीनभाईंनी पुन्हा चौकशी केली नाही. त्यांनी ज्या ज्या घरी आमचा पेपर जातो असं त्यांना माहीत होतं, त्या त्या घरी जाऊन स्वतः सांगितलं.

भूकंपानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत लातूर बदललं. बारावीच्या निकालांमुळे बाहेरगावची मुलं आली, मुलांसाठी शिकवण्या आल्या, शिकवण्यांच्या आजूबाजूला वसतिगृहं आणि खाणावळी आल्या. ज्या गल्ल्यांत मैनोद्दीनभाईंची गिऱ्हाइकं होती, डॉक्टर, वकील, कॉलेजातले प्राध्यापक, त्याच गल्ल्या शिकवण्यांपासून पायी अंतरावर होत्या. एकेक बंगला वर चढला, खोल्यांचे भाग पडले, गच्चीवर पाण्याच्या टाक्यांची रांग आली. मालक पुण्याला मुलाकडे गेले आणि भाडं तिकडे पोहोचू लागलं. बैठकीतले गालिचे कुणी विकले, कुणी माळ्यावर टाकले. कुत्र्यामांजरांचं काय झालं याची नोंद कुठे नसते.

अभ्यासिकांमध्ये नवे गालिचे आले, भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेले, प्लॅस्टिकच्या धाग्याचे. शंभर मुलांच्या पायांचा वास मारायला त्यांना फिनेल लागत होतं, आणि तेही भरपूर. हे काम मैनोद्दीनभाईंच्या मुलानं, अफसरनं घेतलं. अफसर कष्टाळू होता आणि बापाचा आदर करत होता. त्यानं पाण्याच्या दाबाचं मशीन आणलं, वसतिगृहांच्या चटया आणि गाद्यांची कव्हरं धुवायला घेतली. अंगणात दोन हौद होते. एक अफसरचा, एक बापाचा. ब्रश वेगळे, बादल्या वेगळ्या. बापानं मुलाला फिनेल वापरू नको असं म्हटलं नाही. "पोरं चाटत न्हाईत," एवढंच ते म्हणाले. "तुझं चालू दे. माझ्या हौदाला हात लावू नको."

घर अफसरच्या कामावर चालू लागलं. बापाकडे जनावरं असलेली घरं तेवढी उरली.

त्यांतलं एक घर बिराजदार बाईंचं. बाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. यजमान गेलेले, मूलबाळ नाही. त्यांच्या गल्लीत न विकलेलं आणि भाड्यानं न दिलेलं असं ते एकच घर राहिलं होतं. सोबतीला एक बोका होता, सगळा काळा आणि गळ्याशी पांढरा. त्याला त्या वकील म्हणत. पुकारायच्या वेळी वकीलसाहेब. बैठकीत वरंगलचा एक गालिचा होता, यजमानांनी लग्नानंतर हैदराबादहून आणलेला. दर उन्हाळ्यात मैनोद्दीनभाई तो नेत आणि आठ दिवसांनी परत आणत. गालिचा पसरला की वकील आधी त्याच्या चारही बाजूंनी फिरायचा आणि मग मधोमध आडवा व्हायचा. भाई तोवर थांबत. "वकीलसाहेबांची सही झाली," असं म्हणून निघत.

बाई त्यांना एकदा म्हणाल्या होत्या, "भाई, तुम्ही आहात तोवर हा गालिचा आहे. तुमच्यानंतर मी तो अफसरला देणार नाही."

"नका देऊ," ते म्हणाले. "मला बी इच्यारू नका तो कसा धुतो."

मग लातुरात पाणी संपलं. धरण कोरडं पडलं, नळाला पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी येऊ लागलं, टँकरसमोर घागरींच्या रांगा लागल्या. मी तोवर बदली होऊन नांदेडला गेलो होतो. तिकडच्या बातम्या मी कचेरीतून वाचत होतो. गालिचे धुणाऱ्या माणसाचं या काळात काय होतं, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मैनोद्दीनभाईंनी धुणं कमी केलं, गव्हाच्या कोंड्यानं आणि मुलतानी मातीनं कोरडी सफाई वाढवली. जे धुवावेच लागत ते गालिचे ते विकतच्या पाण्यात धुत. भिजवायचं आणि खंगाळायचं काम आता अफसर करत असे, कारण बापाच्या कमरेला ओला गालिचा उचलत नव्हता. नाक लावायचं काम मात्र बापाचंच होतं.

असा दुसरा उन्हाळा चालू होता. बिराजदार बाईंचा गालिचा एका सकाळी परत आला. वकील फिरला, आडवा झाला, भाई गेले. संध्याकाळी बोक्याच्या तोंडाला लाळ सुटली. रात्रभर त्याचं अंग थरथरत होतं. सकाळी बाईंनी त्याला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांचा सगळा दिवस देवणी जातीच्या गाईंमध्ये आणि म्हशींमध्ये जात असे. त्यांनी बोक्याचं पोट दाबून बघितलं, मग हात स्वतःच्या नाकाशी नेला.

"बाई, घरात फिनेल कुठं टाकलंत?"

"मी फिनेल आणतच नाही," बाई म्हणाल्या.

बोका तिसऱ्या दिवशी गेला.

पुढचा प्रसंग मला बाईंनी सांगितला आणि नंतर मैनोद्दीनभाईंनीही. दोघांच्या सांगण्यात फरक नाही. बाईंनी त्यांना फोन करून एवढंच सांगितलं, "भाई, येऊन जा. गालिच्याचं बघायचं आहे." ते आले. वकील गेल्याचं त्यांना दारातच कळलं. ते सरळ बैठकीत गेले, गुडघे टेकले आणि सहा ठिकाणी नाक लावलं.

"बाई, काय न्हाई गालिच्यात," ते म्हणाले.

बाई उभ्या होत्या. म्हणाल्या, "पुन्हा बघा."

त्यांनी पुन्हा बघितलं. या वेळी जास्त वेळ लावला. "न्हाई बाई. खरं सांगतो. काय न्हाई."

"भाई, मला इथून येतोय," बाई म्हणाल्या. "उभ्यानं येतोय. शेजारच्या वसतिगृहातला असेल, असं मी पहिल्या दिवसापासून धरून चालले होते."

ते तसेच गुडघ्यांवर बसून राहिले. मग त्यांनी बाईंना विनंती केली की शेजारच्या कुणाला तरी बोलवा. शेजारच्या वसतिगृहाची स्वयंपाकीण आली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं उंबऱ्यातच पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "अगं बाई, फिनेलनं पुसलं काय आज?"

मैनोद्दीनभाईंनी गालिचा गुंडाळला आणि ते तो घेऊन गेले.

घरी ते दखनीत बोलत. त्या दिवशीचं बोलणं अफसरनं मला सांगितलं, ते मी मराठीत देतो. त्यांनी अफसरला विचारलं, माझ्या हौदात काय घातलंस. अफसर म्हणाला, "पाणी कुठं होतं अब्बा? टँकर चार दिवसांनी येतोय. चटया खंगाळलेलं पाणी ओतून टाकायचं का? पहिल्या भिजवणीला तेवढं वापरलं. वरून दोन चांगली पाणी काढत होतो."

"आणि वास राहिला तर?"

"माझ्या नाकात तर दिवसभर फिनेलच असतं. राहिला तर तुम्ही सांगितलं असतं ना. तुम्ही नाक लावत होताच की. मी दर वेळी विचारत होतो, अब्बा, ठीक आहे का? तुम्ही ठीक म्हणाला की मग मी गुंडाळत होतो."

हे खरं होतं. अफसरनं काही लपवलं नव्हतं, कारण लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं. बापाच्या नाकावर त्याचा विश्वास होता. बाईंचा होता, गावाचा होता, मैनोद्दीनभाईंचा स्वतःचाही होता. ते मुलावर ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "एक उन्हाळा का दोन?"

"दोन."

शहेदाभाभी तेव्हा म्हणाल्या, की गेली तीन-चार वर्षं ते रोज कालवण फिकं आहे म्हणत होते. भाभींनी मीठ वाढवलं, मसाला वाढवला, मग बोलणं सोडून दिलं. म्हातारपणी असं होतं असं त्यांना वाटलं.

ते अफसरला घेऊन नांदेडला माझ्याकडे आले. नांदेडला नाक-कान-घशाचे एक डॉक्टर माझ्या ओळखीचे होते. डॉक्टरांनी लहान बाटल्या काढल्या आणि त्यांना डोळे मिटायला सांगितलं. पहिली बाटली नाकाशी धरली. मैनोद्दीनभाई अदबीनं म्हणाले, "कापूर असंल." ती लवंग होती. दुसरीला ते म्हणाले, "ही लवंग." ती कॉफी होती. तिसरीच्या वेळी ते बोलले नाहीत. चौथी बाटली जवळ येताच त्यांनी मान झटकली आणि त्यांचा चेहरा उजळला. "ही येऊन राहिली डॉक्टरसाहेब. लई कडक येतीय."

डॉक्टरांनी बाटलीला बूच लावलं. "हे अमोनिया आहे. तुम्हाला वास येत नाही, झोंबतंय. झोंबणं वेगळ्या नसेनं कळतं. ती तुमची शाबूत आहे. वासाची गेली."

"मांजराच्या मुताचा डाग मला अजून घावतो," ते म्हणाले.

"तोही झोंबतो."

म्हणजे ज्या एका खुणेवर ते स्वतःचं नाक शाबूत आहे असं धरून चालले होते, ती खूण नाकाची नव्हतीच. डाग सापडत होता म्हणून कुणाला शंका आली नाही. धुळीनं, लोकरीच्या बारीक तंतूंनी, वयानं, कशानंही झालं असेल असं डॉक्टर म्हणाले. औषध लिहून दिलं, पण आशा ठेवू नका असंही सांगितलं.

मैनोद्दीनभाईंचा एकच प्रश्न होता. "कवापासून?"

"ते सांगता येणार नाही. हळूहळू जातं."

"दोन उन्हाळ्यांच्या आधी का नंतर? एवढं तरी."

"नाही सांगता येणार, चाचा."

बाहेर आल्यावर त्यांना गोदावरीवर जायचं होतं. त्यांचे वडील नांदेडचे, नदीच्या वाहत्या पाण्यात सतरंज्या धुणारे. मैनोद्दीनभाई लग्नानंतर लातूरला आले होते. आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. पाण्यावर जलपर्णी होती आणि वरच्या अंगाला नाला मिळत होता. अफसर रुमाल नाकाला लावून उभा होता. भाई पाण्याकडे बघत होते.

"पाणी बरंय का, पेपरवाले?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "वास येतोय."

त्यांनी मान हलवली. मग ते म्हणाले, "कागद हाय का तुमच्याकडं? मी नावं सांगतो. तुमी लिहा."

त्यांना हिशेब ठेवायची सवय नव्हती, पण घरं त्यांच्या लक्षात होती. दोन उन्हाळ्यांत ज्या घरांचे गालिचे त्यांच्या हौदातून गेले आणि ज्या घरात जनावर होतं, अशी घरं त्यांनी एकामागून एक सांगितली. डॉक्टरीणबाई, दोन पामेरियन. स्टेट बँकेच्या मागचे निवृत्त इंजिनियर, म्हातारा कुत्रा, डोळ्यांनी अधू. तेलाच्या आडतीवाल्यांची सून, मांजर आणि तिची पिलं. मालकांची नावं कधी अडत होती, जनावराची अडत नव्हती. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या.

"प्रत्येक घरी जाऊन इच्यारणार," ते म्हणाले.

अफसर म्हणाला, "अब्बा, जाऊन काय सांगणार? लोक पोलिसात जातील."

"जाऊ दे."

पहिल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर लातुरात फिरलो. डॉक्टरीणबाईंचे दोन्ही पामेरियन धडधाकट होते आणि आमच्यावर भुंकले. मैनोद्दीनभाई त्यांच्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले. इंजिनियरसाहेबांचा कुत्रा गेल्या वर्षी गेला होता. "वय झालं होतं हो त्याचं," साहेब म्हणाले. "शेवटी लाळ गळायची." कोणत्या महिन्यात गेला, असं मैनोद्दीनभाईंनी विचारलं. साहेबांना आठवेना. त्यांनी आत बायकोला विचारलं, तीही सांगू शकली नाही. "उन्हाळा होता बहुतेक. का हो?" मैनोद्दीनभाईंनी सगळं सांगितलं, काही न वगळता. साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असू द्या. तो म्हातारा होता." साहेबांनी आपल्यावर रागवायला हवं होतं, असं मैनोद्दीनभाईंना वाटत होतं. तसं ते मला रस्त्यात म्हणाले.

आडतीवाल्यांच्या सुनेनं सांगितलं की पिलं गेली, मांजर निघून गेली, पण पिलं तर नेहमीच जातात.

त्यानंतरची घरं घरं राहिली नव्हती. एका ठिकाणी खाणावळ होती. एका ठिकाणी तीन मजले चढले होते आणि तळमजल्यावर झेरॉक्सची दुकानं होती. एका दुमजली बंगल्याचं मुलींचं वसतिगृह झालं होतं. दारात रेक्टरबाई होत्या. त्यांनी आमच्याकडे बघून विचारलं, "कोणाचे पालक तुम्ही?"

"पालक न्हाई, बाई," मैनोद्दीनभाई म्हणाले. "हितं एक मांजर होतं. तीन पायाचं. मागच्या साली मी त्यांचा गालिचा धुतला होता. ते मांजर कुठं हाय, एवढं इच्यारायचं होतं."

"मांजर?" रेक्टरबाईंनी माझ्याकडे बघितलं. "इथं मांजर-बिंजर अलाऊड नाही हो. मी दिवाळीनंतर आले. मालक पुण्याला असतात. जूनमध्ये ॲडमिशनच्या वेळी येतात, तेव्हा विचारा."

"जूनमधी कोणत्या तारखेला?"

"ते काही ठरलेलं नसतं. दोन-चार दिवस इथंच ऑफिसात बसतात."

मैनोद्दीनभाईंनी खिशातला कागद काढला आणि त्या ओळीपुढे मला जून असं लिहायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत कागदावर आणखी पाच ओळींपुढे जून लिहिलं गेलं.

त्यांनी धुणं बंद केलं. अफसरनं हौद एकच ठेवला. बिराजदार बाईंनी दुसरं मांजर आणलं नाही. मैनोद्दीनभाई त्यांच्याकडे एकदा गेले होते, असं बाई म्हणाल्या. बसले, पाणी प्याले आणि उठले. गालिचा त्यांनी परत आणून दिला नव्हता आणि बाईंनी मागितला नव्हता. बैठकीत आता फरशी होती.

मी नांदेडला परतल्यावर त्या दुमजली बंगल्याच्या मालकांचा पुण्याचा नंबर शोधून काढला. चौकशी करून खात्री करून घ्यायची सवय कामातून लागलेली असते. फोनवर ते सभ्यपणे बोलले.

"तीन पायाचं ना? हो, आमच्या मुलीचं होतं ते. गेलं. लातूर सोडायच्या आधीच गेलं." त्यांनी थोडं आठवून बघितलं. "गालिचा धुऊन आला होता, त्याच आठवड्यात. मुलगी फार रडली. तुम्ही का विचारताय?"

मी काही तरी कारण सांगून फोन ठेवला. मैनोद्दीनभाईंना मी हे कळवलं नाही. कळवायचं म्हणून दोनदा फोन उचलला होता.

जूनमध्ये एका कामासाठी मी लातूरला गेलो. बस शिकवण्यांच्या भागातून वळण घेत होती आणि रस्ता पालकांनी, रिक्षांनी, गाद्या लादलेल्या टेम्पोंनी अडला होता. त्या मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकाबाहेर प्रवेशाची रांग होती. हातात फायली घेतलेले बाप, पाण्याच्या बाटल्या धरलेल्या आया, आणि त्यांच्यात मैनोद्दीनभाई. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, हातात घडी घातलेला तो कागद. त्यांच्या पुढच्या माणसानं वळून काही विचारलं. त्यांनी मान हलवली आणि त्याला सरकायला जागा करून दिली. बस मिनिटभर थांबून होती. मी उतरलो नाही. रांगेत त्यांच्या पुढे अजून सात-आठ पालक होते.